दोधू मिस्तरीचा आखूड पायाचा मोर

दोधू मिस्तरीने पाटी-पेन्सिल दुसरीतच सोडली आणि थापी हातात धरली, ती सत्तरी आली तरी खाली ठेवली नाही. आमच्या तापीकाठच्या गावात कोणाला घरावर सिंह हवा, कोणाला कमळ, कोणाला 'मातृछाया'. दोधू ओल्या सिमेंटात थापीच्या टोकाने ते काढून द्यायचा. त्याचे सिंह जरा बकरीकडे झुकलेले असत, पण घरधन्याच्या तोंडाकडे बघून काढलेले असत, म्हणून कोणी काही बोलत नसे.

गेल्या पाच वर्षांत एकेक सिंह पडला. शहाद्याच्या बसस्टँडमागे नवनीतचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. तिथे पैसे दिले की घराचं नवं तोंड आधी पडद्यावर दिसतं. काळी चकचकीत शीट, लाकडासारखी दिसणारी पण लाकूड नसलेली पट्टी, आणि सुरतेच्या मशीनने कापलेली जाळी. सगळी घरं सख्ख्या भावांसारखी. परवा एक पाहुणा दोन परक्या घरी चहा पिऊन मग ज्यांच्याकडे आला होता त्यांच्या घरी पोहोचला.

गिरधर पाटलाने मुलाच्या, म्हणजे भाग्येशच्या, लग्नाआधी घराचं तोंड बदलायचं ठरवलं. नवनीत चित्र घेऊन आला. चित्रात विजेच्या तारा नाहीत, शेळ्या नाहीत. दोन परदेशी झाडं, लाल मोटार आणि पर्स लटकावलेली एक गोरी बाई.

"ही कोण?" गिरधरच्या बायकोने, रंजनाबाईने विचारलं.

"काकू, घर केवढं ते कळावं म्हणून ठेवतात."

"मग मला उभं करायचं. मी इथंच राहते."

चित्रात मोर मात्र नव्हता. दाराच्या डाव्या अंगाला दोधूने काढलेला मोर, गावात त्याच्या हातचं उरलेलं तेवढंच. शीट सपाट बसायची तर तो फोडावा लागणार होता, आणि गिरधरने ते कामही दोधूलाच सांगितलं.

"दोधूदादा, हाऊ मोर काढना पडी."

"काढी दिसू," दोधू म्हणाला.

तो रोज छिन्नी-हातोडा घेऊन यायचा. पहिल्या दिवशी छिन्नीला धार नव्हती. दुसऱ्या दिवशी अमावास्या निघाली. तिसऱ्या दिवशी चष्मा घरी राहिला. माझं घर समोरच आहे; दोधूला चष्म्यात मी जन्मात पाहिलेलं नाही. चौथ्या दिवशी शीटा येऊन पडल्या, तेव्हा मात्र त्याने छिन्नी मोराच्या मानेला लावली.

तेवढ्यात रंजनाबाई बाहेर आली. "नवरी थापे कशावर मारेल?" तिने शीट बसवायला आलेल्या फिटरला विचारलं.

आमच्याकडे नवी सून घरात शिरण्याआधी कुंकवाचे दोन्ही हात दाराशेजारच्या भिंतीवर उमटवते. रंजनाबाईचे अडतीस वर्षांपूर्वीचे थापे मोराखालीच होते. दर दिवाळीला रंगारी तेवढी जागा सोडून रंग द्यायचा.

"शीटवर मारा ना," फिटर म्हणाला. "फक्त कुंकू, हळद, तेल लावायचं नाही. गॅरंटी जाते."

रंजनाबाईने कुंकवाचा ओला हात शीटवर ठेवून पाहिला. कुंकू ओघळून तिच्याच पायावर आलं. ती नवऱ्याकडे वळली. "मोर ऱ्हाऊ द्या. नहीतं त्या पर्सवाली बाईलेच सून करी ल्या."

गिरधरने फिटरला डावी बाजू मोकळी सोडायला सांगितली. मग डावीकडची शीट म्हशीच्या गोठ्यावर गेली. दोधूने छिन्नी पिशवीत टाकली.

सून आली, मयूरी. तिने मोराखाली थापे मारले, भाग्येशने फोटो काढले आणि ते नवनीतने पाहिले. दोन महिन्यांत त्याच्या दुकानात 'पारंपरिक मोर' आला. थर्माकोलमधून मशीनने कापलेला, वर सिमेंटचा रंग. शहाद्यापासून अक्कलकुव्यापर्यंत घरांवर तो बसला. दोधूला कोणी विचारलं नाही.

त्या सगळ्या मोरांचा डावा पाय आखूड आहे. दोधूच्या मोराचा आहे तसाच. अडतीस वर्षांपूर्वी दोधू त्या पायापर्यंत पोहोचला तेव्हा घमेलं रिकामं झालं, आणि रंजनाबाई नवरी होऊन दारात आली. पाय राहिला तो राहिलाच.

मागच्या महिन्यात दोधू आणि मी शहाद्याला गेलो, तर स्टँडवर नवनीतने दोधूला गाठलं. "बाबा, गिऱ्हाइकं विचारतात, पाय आखूड ठेवण्यामागे शास्त्र काय?"

दोधूने समोरच्या इमारतीवरचे मोर मोजले. सहा. सहाही लंगडे.

"मन्हं सिमेट सरनं व्हतं," तो म्हणाला. "तुन्हा कॉम्प्युटरनं बी सरनं का?"

नवनीत आता गिऱ्हाइकांना सांगतो, आखूड पाय शुभ असतो, लक्ष्मी घर सोडून जात नाही. काल गिरधरने ओट्यावर बसून मलाही ते नीट समजावून दिलं. मी मान हलवली. दोधू शेजारीच होता. तोही हलवत होता.