चहाच्या कपात आलेला बोल्ट

“त्यानंच मारला! गोफणीनं मारला!” घोटावड्याचे एक काका ठाण्यात असे ओरडत होते, की पिरंगुटच्या स्टॉपवरची माणसं दचकून भलत्याच बसमध्ये चढली असणार. मी निवृत्त झालो, पण तो आवाज कानातून निवृत्त झाला नाही. काकांच्या एका हातात पाव किलोचा बोल्ट, दुसऱ्या हाताच्या बोटात फुटक्या कपाचा नुसता कान. गोठ्यात चहा पिताना सिमेंटचा पत्रा फोडून बोल्ट थेट कपात आला होता.

संशयित सख्खा पुतण्या. बांधावरून दोघांचं बोलणं बंद आणि पोराच्या घरात पाखरं हाकायची गोफण. सोमवारी तो कंपनीत रुजू होणार होता, त्यासाठी आमचाच चारित्र्याचा दाखला हवा. गुन्हा दाखल झाला की नोकरी गेली.

चौकशीत तो एकच सांगत राहिला, “साहेब, रानात ढिगानं गोटं पडल्यात. बोल्ट इकत आणून मारू व्हय?”

मला पटलं. काकांना पटेल तर शपथ! ते पंचांसमोर शिडीवर चढले आणि बोल्ट पत्र्यावर सोडला. टण्ण वाजून तो घरंगळला.

“बगा. पडल्याला बोल्ट पत्रा फोडत न्हाई. मारल्यालाच फोडतो.”

आणि मी शहाण्याने ते पंचनाम्यात लिहून घेतलं.

आमच्या हवालदार बाई मात्र गोठ्याशेजारच्या नऊ मजली बांधकामाकडे बघत होत्या. चहाच्या टपरीवरून त्यांनी खबर आणली, की त्याच दिवशी वर परांचीच्या पाइपांचे बोल्ट सोडवत होते.

“साहेब, शिडी दहा फुटांची. पडणारी वस्तू एका चालीनं येत नाही, खाली येईपर्यंत तिचा वेग वाढतच जातो.”

माणसं लांब केली, मोकळ्या जागेत तसलाच पत्रा मांडला. पहिल्या मजल्यावरून सोडलेला बोल्ट नुसता उसळून बाजूला पडला. चौथ्यावरून तडा गेला. नवव्यावरून सोडला तो पत्रा फोडून जमिनीत असा रुतला, की उकरताना विहिरीचं पाणी लागेल असं वाटलं. ते बघून परांचीवरचा एक कामगार हळूच म्हणाला, “साब, हाथ से छूटा था।”

दाखल्यावर सही केली. साधा तर्क होता, पण दहा फुटांवरून बघून मी नऊ मजल्यांचा निष्कर्ष काढला होता. तक्रारदाराने दाखवलेल्या पुराव्यापेक्षा त्याने न दाखवलेली दिशा आधी बघावी, हे मला नोकरी संपता संपता कळलं.

ठेकेदारावर निष्काळजीपणाचा गुन्हा घ्यायचा म्हणून काकांना पुरवणी जबाबाला बोलावलं. ते शांतपणे बसले.

“ऱ्हाऊ द्या, साहेब. इमारतीला जमीन मीच दिलीया. वरनं पडतंच कायबाय.”