पेरा युर्लिनाची फळी

पेरा युर्लिनाला घाई करणाऱ्या माणसांचा मनापासून तिटकारा होता. त्याच्या नशिबी मात्र बायकोची मावशी आली होती, एरिहापेटी, आणि तिला धीर म्हणून नव्हता.

न्यूझीलंडच्या उत्तरेला, वायहाराराच्या दलदलीतून कौरी झाडाचं ते खोड पेरानंच काढलं. चाळीस हजार वर्षं चिखलात पडलेलं झाड; एक्स्कॅव्हेटरनं वर ओढलं तेव्हा त्याला चिकटून आलेली पानं हिरवी होती, आणि बघता बघता काळी पडली. मावशी काठावर खुर्ची टाकून बसली होती. तिनं तिथंच फर्मान काढलं: मराएवर, माओरींच्या सामाईक आवारात, नवं जेवणघर होतंय, त्यात याचं एकसंध टेबल हवं, आणि त्यावर पहिलं जेवण तिचं. वय सत्त्याऐंशी.

पेरानं शब्द दिला आणि तिथून त्याची साडेसाती सुरू झाली. चिरायच्या आधी वनखात्याचा दाखला लागतो. अर्जात एक रकाना होता, झाड पडल्याची तारीख. "वारही लिहू का?" असं त्यानं फोनवर विचारलं, तर पलीकडच्या बाईंनी अर्जच परत पाठवला. सात महिने गेले. दाखला आला, तर पहिल्याच कापाला खोडात रुतलेल्या गोट्यानं करवतीचे दात झडले. नवं पातं ऑकलंडहून येईपर्यंत पेरा आपल्या सॉ मिलमध्ये एकटाच, क्रोएशियाहून आलेल्या आजोबांच्या दाल्मेशियन शिव्या देत फिरत होता. त्या भाषेतलं त्याला तेवढंच येत होतं.

शेवटी फळी निघाली. सहा मीटर लांब, मधाच्या रंगाची, एक गाठ नाही. टोकांना मेण फासून, खाली पट्ट्या घालून, पश्चिमेच्या वाऱ्याला आडोसा करून त्यानं ती वाळत ठेवली. इतकी वर्षं पाणी प्यालेलं लाकूड घाईनं वाळलं की पिळवटतं, फाटतं. रोज सकाळी तो ओलावा मोजायचं यंत्र टेकवायचा, आकडा बघायचा आणि चरफडत पाठ फिरवायचा.

दर रविवारी प्रार्थना आटोपली की मावशी हजर.

"काय जावईबापू, वाळलं का?"

"नाही, मावशी."

"मी वाळले की. बघ हा हात."

"अजून वर्ष तरी लागेल."

"तुझा आजा इथं याच झाडांची राळ खणायचा. सकाळी खणली की संध्याकाळी विकून मोकळा. तू कुणावर गेलास रे?"

दुसऱ्या हिवाळ्यात एकदा ती गाडीतून उतरलीच नाही. काच खाली करून म्हणाली, "ओली तर ओली. एक दिवस मराएवर ने, चार ओंडक्यांवर ठेव, मी जेवते. मग आण परत."

"ने की पेरा," बायको हुहाना म्हणाली. "एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"एका दिवसाचा? तिथं हीटर लागला की दुपारपर्यंत बोट जाईल एवढी भेग पडेल! इतके दिवस काय झक मारली मी?"

मावशी हसली. "लाकडाचं ऐकतोस, माझं नाही. बरं." काच वर गेली.

त्याच हिवाळ्यात, ऑगस्टात, मावशी गेली. तीन दिवस माणसं येत होती. नव्या जेवणघरात सगळे प्लास्टिकच्या घडीच्या टेबलांवर जेवले. पेरा वाढत होता. त्याला कुणी काही बोललं नाही, आणि बोललं असतं तर बरं झालं असतं असं त्याला वाटत राहिलं.

डिसेंबरात यंत्रावर हवा तो आकडा आला. टेबल झालं, मराएवर गेलं. पहिल्या जेवणाला, मराएचं कोरीवकाम करणारा रेवेटी टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तळहात फिरवत गेला. "केसाएवढी भेग नाही. मानलं तुला, पेरा!"

पेराच्या डोक्यात तिडीक गेली. ताट तसंच टाकून तो बाहेर आला. मागोमाग हुहाना आली.

"पडली असती तर पडली असती भेग!" तो ओरडला. "भरली असती मी. जेवली तरी असती म्हातारी. काय बिघडलं असतं, सांग ना?"

"मला काय विचारतोस आता?" हुहाना म्हणाली. "चल आत. अन्न निवतंय."