बुर्सात दिलेला शब्द

गाडीच्या दाराच्या कडेला काळी रबरी पट्टी असते. पाणी आणि वारा आत येऊ नये म्हणून लावलेली. पुरुषोत्तम दातारचं अख्खं नोकरीचं आयुष्य त्या पट्टीत गेलं. डेट्रॉइटजवळ नोव्हायमध्ये आमची घरं समोरासमोर. त्याची कंपनी डेट्रॉइटच्या गाड्यांना सुटे भाग पुरवायची. ही पट्टी जगात कुठे चांगली आणि परवडणारी बनते ते शोधायचं आणि तिथल्या कारखानदाराला सांभाळायचं, हे त्याचं काम.

२००१ च्या मार्चमध्ये त्याला पहिल्यांदा तुर्कस्तानात बुर्साला पाठवलं. महिन्यापूर्वीच तिथे राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान यांचं भर बैठकीत वाजलं होतं. बाजार कोसळला, सरकारने लिराला, म्हणजे तिथल्या चलनाला, सावरणं सोडून दिलं आणि एका दिवसात तिची किंमत जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने उतरली. आता माल पडत्या भावात मिळेल, एवढंच कंपनीने पाहिलं होतं.

तिथे त्याला नेजात बे भेटला. ‘बे’ म्हणजे आपलं ‘राव’. तीस कामगारांचा कारखाना होता आणि बँकेने कर्ज एकदम परत मागितलं होतं. बायकोच्या बांगड्या विकून आपण गेल्या महिन्याचा पगार केला, हे त्याने पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. पुरुषोत्तमने भाव पाडला नाही. “माणूस खरा आहे, इथेच करू,” असं त्याने डेट्रॉइटला कळवलं.

पुढची पंधरा-सोळा वर्षं चांगली गेली. २००५ मध्ये सरकारने लिरावरची सहा शून्यं काढली. पाच लाखांचा चहा एका सकाळी अर्ध्या लिराचा झाला, तेव्हा नेजात म्हणाला होता, “आमचा पैसा माणसात आला.” तीस कामगारांचे दीडशे झाले. पुरुषोत्तम तुर्की शिकला, नेजातला ‘अबी’ म्हणजे दादा म्हणू लागला. त्याच्याबरोबर रत्नावहिनीही दोनदा बुर्साला जाऊन आल्या.

मग आला २०१८ चा ऑगस्ट. वर्षाच्या सुरुवातीला चार लिरांच्या आत असलेला डॉलर सातवर गेला. पुरुषोत्तमच्या बॉसने त्याला बोलावलं.

“त्यांचे पगार लिरात, आपण पैसे देतो डॉलरमध्ये. म्हणजे त्यांचा फायदा झाला. बारा टक्के कमी करायला सांग.”

“कच्चं रबर ते बाहेरून डॉलरमध्ये आणतात. कर्ज युरोत आहे. फायदा कुठला?”

“मग त्याला सांग, पुढच्या मॉडेलचं कामही त्यालाच. सात वर्षं.”

“लिहून देऊ?”

“लीगलमधून यायला वर्ष लागेल. तिथे तुझा शब्द चालतो ना?”

पुरुषोत्तम बुर्साला गेला. नेजातने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “हा शब्द कंपनीचा की तुझा?”

“माझा,” पुरुषोत्तम म्हणाला.

नेजातने बारा टक्के सोडले. नव्या मॉडेलसाठी युरोत आणखी कर्ज काढून नवं मशीन बसवलं.

त्यानंतर लिराने काय काय केलं! भाव चढत होते आणि सरकार व्याज उतरवत होतं. २०२१ च्या डिसेंबरात डॉलर अठरापर्यंत गेला, सरकारने ठेवींना हमी दिली तसा भराभरा खाली आला, पुढे पुन्हा चढतच राहिला. पुढच्या वर्षी तर सरकारी आकड्यांनीच महागाई ऐंशी टक्क्यांच्या वर गेली. नेजात वर्षातून दोन-दोनदा पगार वाढवत होता, पण डेट्रॉइटची एक खेप चुकली नाही. २०२३ च्या निवडणुकीनंतर धोरण फिरलं. व्याज चढत चढत पन्नास टक्क्यांवर गेलं आणि लिराची घसरण मंदावली. पगार आणि भाव मात्र थांबेनात. त्यामुळे आता डॉलरच्या हिशेबानेसुद्धा बुर्सा महाग झालं. नेजातने बारापैकी नऊ टक्के परत मागितले.

पुरुषोत्तमने चाळीस पानांचा रिपोर्ट लिहिला. तिथला खर्च खरंच का वाढलाय आणि नेजातची मागणी का रास्त आहे, हे सगळं त्यात मांडलं. बॉस म्हणाला, “एक्सलंट.”

त्याच्या हाताखाली निमिष होता. पुरुषोत्तमनेच त्याला पुण्याहून आणलेला. व्हिसाची पत्रं त्याने लिहिली, पहिले दोन महिने निमिष त्यांच्याच घरी राहिला. लग्नानंतर प्रीता आली, तीही या दोघांना काका-काकू म्हणू लागली.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, दुपारी ऑफिसात असताना, नेजातचा फोन आला.

“पुरु, मोरोक्कोतून एक माणूस आलाय. आमच्या साच्यांचे ड्रॉइंग त्याच्या हातात आहेत.”

“कसे आले?”

“मीच दिलेत. आठ महिन्यांपूर्वी तुझ्या निमिषने मागितले. म्हणाला, पुरु अबीला हवेत. तुझं नाव घेतलं, म्हणून मी विचारलंसुद्धा नाही. आज तो माणूस साचे न्यायला आलाय. कंपनीचं पत्र आहे.”

साचे कंपनीच्या मालकीचे होते, ती कधीही नेऊ शकत होती. पुरुषोत्तम थेट बॉसकडे गेला. बॉसने लपवलं नाही. बोर्डाने काम मोरोक्कोला हलवायचं ठरवलं होतं. “तुझ्या रिपोर्टनेच तर सगळं क्लिअर झालं,” तो म्हणाला. फाइलवर पहिलंच पान पुरुषोत्तमच्या रिपोर्टचं होतं. बुर्सा का महाग झालं, हे त्याच्याइतकं नीट कुणी लिहिलंच नव्हतं.

“आणि २०१८ चा शब्द?”

“मला काही लेखी आठवत नाही.”

संध्याकाळी तो निमिषकडे गेला. प्रीताने दार उघडलं, “या ना काका,” म्हणाली, आणि त्याचा चेहरा बघून मुलीला घेऊन वर गेली.

“माझं नाव घेऊन ड्रॉइंग मागितलेस?”

“काका, ऑर्डर्स होत्या. कॉन्फिडेन्शियल होतं. माझं ग्रीन कार्ड अजून पेंडिंग आहे, मी नाही कसं म्हणणार?”

“मला सांगायचंस.”

“सांगितलं असतं तर तुम्ही नेजातला सांगितलं असतं.”

“हो. सांगितलं असतं.”

“मग?” निमिष म्हणाला.

पुरुषोत्तम मला हे सांगत होता तेव्हा याच जागी थांबला. म्हणाला, “पोरगा खोटं बोलला असता तर मला बरं वाटलं असतं रे. तो मला पुरता ओळखून होता. आठ महिने माझ्याच टेबलावर जेवत होता.”

दोन दिवसांनी मी त्याला विमानतळावर सोडलं. तिकीट त्याने स्वतःच्या पैशाने काढलं होतं.

बुर्साला कारखान्याच्या दारात नेजातची मुलगी सेवदा उभी होती. हिशेब तीच बघायची. चहाचं तिने विचारलं नाही. वर नेजात बसला होता, शंभर माणसांना कमी केल्याची यादी समोर होती. पुरुषोत्तम म्हणाला, “अबी, मला माहीत नव्हतं.”

“मी मानतो,” नेजात म्हणाला. “लिराने मला तीनदा बुडवलं. तिच्यावर मी कधीच भरवसा ठेवला नव्हता, म्हणून तीनदा उभा राहिलो. तुझ्या शब्दावर मात्र युरोत कर्ज काढलं. तुला माहीत नव्हतं, याने माझं काय बदलतं?”

पुरुषोत्तमने बॅगेतून कागद काढला. २०१८ मध्ये कंपनीने कोणता शब्द द्यायला सांगितला, कुणी, कधी, हे सगळं सहीनिशी लिहिलेलं. “दावा लाव. मी साक्ष देईन.”

नेजातने कागद मुलीकडे सरकवला आणि खिडकीकडे वळला.

परत आल्यावर तीन आठवड्यांत पुरुषोत्तमची नोकरी गेली. रिटायर व्हायला सात महिने उरले होते. निरोप नाही, समारंभ नाही, सिक्युरिटीचा माणूस त्याला खोका धरून गाडीपर्यंत सोडून गेला. दावा लागला, त्याने दोन दिवस वकिलांच्या प्रश्नांना उत्तरं दिली. शेवटी कंपनीने तडजोड केली. त्यात नेजातचं निम्मं कर्ज फिटलं. कारखाना आता चाळीस माणसांवर चालतो, फ्रिजच्या दारांच्या पट्ट्या बनवतो. निमिष डायरेक्टर झाला. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात तो वाकून नमस्कार करायला आला, तेव्हा पुरुषोत्तमने पाय मागे घेतले.

परवा सेवदाचं चार ओळींचं पत्र आलं. साक्षीबद्दल आभार, वडिलांची तब्येत ठीक, त्यांना बोलायची इच्छा नाही, कृपया पुन्हा फोन करू नये. रत्नावहिनींनी विचारलं, “काय म्हणते?”

“बरोबर म्हणते,” तो म्हणाला, आणि नेजातचा नंबर काढून टाकायला त्याने फोन माझ्या हातात दिला. त्याच्याच्याने ते होईना.