घासलेला अंगठा

टाचा घासायच्या वज्रीनं मी माझा उजवा अंगठा घासला होता. रक्त येईपर्यंत. वरून लिंबू चोळलं. असं कोणी करतं का? मी केलं. तेव्हा मी लहान होते, अडुसष्ट वर्षांची.

भैय्यासाहेबांनी हात धुऊन यायला सांगितलं होतं ना. मग धुतला.

भैय्यासाहेब म्हणजे आमच्या गावच्या विकास सोसायटीच्या चेअरमनचा थोरला मुलगा. खुटबावच्या अलीकडं आमची वाडी. म्हाताऱ्यांचं पेन्शन जमा होतं बँकेत, पण बँक दौंडला, म्हणून चेअरमनच्या ओट्यावर अंगठ्याचं मशीन आलं. मशीनपाशी भैय्यासाहेब खुर्चीत. आम्ही खाली पायरीवर. चपला फाटकाबाहेर. नाव पुकारलं की वर जायचं, अंगठा लावायचा, पैसे घ्यायचे, पाया पडायचं. पाया पडा असं कोणी म्हणालं नव्हतं. ती रीत बहुतेक मीच पाडली. जन्मला तेव्हा त्याला मी न्हाऊ घातलेलं. त्याच्याच पाया पडायचे. मला वाटायचं, हाच देतो.

त्या दिवशी तीनदा अंगठा लावला. तीनदा मशीन नाही म्हणालं. त्यानं रुमालानं मशीन पुसलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "म्हातारे, हात धुऊन येत जा. शेणाचा अंगठा मशीनला कळत न्हाई."

ओट्यावर हशा झाला. सगळ्यांत मोठ्यानं मी हसले. त्याच्या बोलण्यापेक्षा मला माझ्या त्या हसण्याची जास्त चीड येते. अजून येते.

ते पैसे म्हणजे काय होतं, ते सांगते. मुलगा सणसवाडीला कंपनीत, कंत्राटी. तिकडंच खोली करून राहतो. सून नातवंडांना घेऊन इथं माझ्यापाशी. वाईट नाही ती. पण चहापत्ती मागितली की आधी डबा हलवून बघायची, मग माझ्याकडं बघायची. पेन्शन सुरू झालं आणि ते बघणं थांबलं. पहिल्या पैशातून मी काय आणलं असेल? गोळ्या? नाही. बाजारात बांगडीवाल्या रजियाकडं बसले आणि दोन्ही हातांत दोन-दोन बांगड्या भरल्या. विधवा बाईनं. मग पावशेर शेव घेतली आणि वाटेत एकटीनं खाल्ली. कोणाला विचारलं नाही, कोणाला दिली नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

असे ते पैसे. आणि आता ते मशीन मला ओळखत नव्हतं.

वज्रीनं घासून पुढच्या महिन्यात गेले. उरलीसुरली रेषही मी खरवडून काढलेली. मशीन काय ओळखणार? भैय्यासाहेब म्हणाला, "तुझं बंद झालं. वर कळवावं लागंल. तवर गोठ्यात जरा हात लाव, आई एकटीच हाय."

लावला. दोन महिने त्यांच्या म्हशींचं शेण काढलं. फुकट. घरी पुन्हा डबा हलायला लागला. शेजारची ठकूबाई, माझ्याच वयाची, एका डोळ्यानं अधू, पायरीवर कायम माझ्या शेजारी बसायची, ती म्हणाली, "आगं, मजुरी तरी माग." मी तिलाच झापलं. म्हणाले, माणूस आपल्यासाठी वर कळवतोय, त्याच्याकडं मजुरी मागतेस? अक्कल बघा माझी.

एकदा बाजारात रजियानं हाक मारली. बांगड्या भरायचं तिचं काम, हात धरल्याशिवाय बोलताच येत नाही तिला. अंगठा बघितला आणि थांबली.

"मावशी, हे काय करून ठेवलं?"

सांगितलं. ती हसली नाही. "सोमवारी माल आणायला दौंडला जाते मी. पासबुक घ्या आन् चला माझ्यासंगं."

"भैय्यासायबांना इचारते."

"इचारायचं असंल तर येऊ नका."

नाही विचारलं. खुटबाव स्टेशनावरून पॅसेंजर धरली. गाडीत मला बसवेना. उठायचे, दाराशी जायचे, परत यायचे. चोरी करायला निघाल्यासारखं वाटत होतं. आपलेच पैसे बघायला निघालेली बाई, आणि पासबुक पदराखाली लपवलेलं.

बँकेत खिडकीमागं एक पोरगी होती. पासबुक बघून म्हणाली, "आजी, पैसे दर महिन्याला जमा होतायत. बंद कुठं झालंय? काढायलाच कोणी आलं नाही."

मी म्हणाले, "माझा अंगठा घाण हाय. मशीनला चालत न्हाई."

तिनं काचेखालून हात घालून माझा हात ओढला, बघितला. "घाण नाही, झिजलाय. कामाच्या माणसांचे झिजतात. कागदावर शाईचा लावा, दोन साक्षीदार आणा. झालं."

एवढंच होतं. रजिया एक साक्षीदार, दारावरचा वॉचमन दुसरा. साठलेले सगळे पैसे हातात पडले. मी बाकावर बसले आणि माझं अंग तापायला लागलं. चाळीस वर्षं खुरपं धरलं, कांदा काढला, त्यातली निम्मी वर्षं चेअरमनच्याच रानात. रेषा झिजल्या त्यांच्या मातीत. आणि मला शेणाची म्हणणारा त्यांचाच पोरगा. आणि हसणारी मी.

पेन्शनच्या दिवशी ओट्यावर गेले. चपला काढल्या नाहीत. सगळी मंडळी पायरीवर बसलेली.

"भैय्या," मी म्हणाले. साहेब जोडलं नाही, तर जीभ हलकी वाटली. "माझं पेन्शन बंद नव्हतं. तुम्ही वर कायबी कळवलं न्हाई. मी आजपासून या पायरीला येणार न्हाई आन् गोठ्यालाबी न्हाई."

त्यानं मान वर केली. "लई शाणी झालीस. वर्साला हयातीचा दाखला लागतो. त्यो हितनंच मिळतो, ध्यानात ठिव."

"मी जिती हाय, हे मला माझ्या तोंडानं सांगता येतं."

पायरीवरच्यांपैकी कोणी जमिनीकडं बघितलं, कोणी पासबुकाकडं. ठकूबाईनंही मान खाली घातली. मी एकटी फाटकाबाहेर आले.

घरी आले तर पाय एका जागी ठरेनात. अंगण झाडलं, परत झाडलं. चेअरमनच्या घरून निरोप आला, कांदा काढणीला येऊ नको. बरं म्हणाले. दाखला अडवतील. अडवू द्या, तहसिलात जाऊन बसेन, दिवसभर बसेन. दर महिन्याला दौंडला जाईन. येईल त्याला घेऊन जाईन, कोणी नाही आलं तर एकटी. पण आता कुणाच्या पाया पडून माझं मी घेणार नाही.

दिवेलागणीला ठकूबाई आली. आत आली नाही. चौकटीला हात धरून उभी राहिली, आणि म्हणाली, "फुडल्या महिन्याला मी येते तुझ्यासंगं. त्यानं इचारलंच, कोन कोन गेलं, तर माझं नाव पयलं सांग."