साडू, वेल्डर आणि थंड फरशी

धरमपेठेतल्या स्कॅन सेंटरवर मी मशीन चालवतो. पाठ दुखणाऱ्या माणसाला ना बसवत, ना झोपवत. मग तो बोलतो. त्यामुळे आमच्याकडे रिपोर्टपेक्षा किस्सेच जास्त साठतात. त्यातल्या बहुतेकांत आमच्या रेडिओलॉजिस्ट मॅडम असतातच. चालता येत असेल त्या पेशंटला मॅडम स्वतः कॉरिडॉरमध्ये चालवून बघतात. वेळ जातो, मी वैतागतो, त्यांना काही फरक पडत नाही.

*

एक रिटायर्ड हेडक्लार्क काका जिन्यावरून आपटले. डॉक्टरांनी सीटी लिहून दिला, तर काका रुसले.

"साडूचा एमआरआय झाला. मी काहून सीटीवर भागवू?"

"काका, त्यांची नस दबली होती. तुमचं हाड मोडलं का ते बघायचंय, ते सीटीत चांगलं दिसतं," मॅडम म्हणाल्या.

काका पटल्यासारखे टेबलावर आडवे झाले. मग मला हळूच म्हणाले, "फिल्म तर साडूच्या एवढीच मोठी येते ना गा?"

*

एक वेल्डर एमआरआयसाठी आला. खिसे रिकामे, कडं काढलेलं, सगळं ओके. मॅडमनी विचारलं, "डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता?"

"रोजचंच आहे मॅडम. एखादा असंन अजून."

त्याला दारातूनच परत फिरवला. एमआरआय म्हणजे भलंमोठं चुंबक, तो कण डोळ्यात सरकला असता! आधी डोळ्यांचा सीटी काढला, त्यात कण दिसलाच. आता हा वर्कशॉपात सगळ्यांना चष्मा घालायला लावतो, स्वतः सोडून.

*

हुडकेश्वरच्या एक काकू एमआरआयच्या बोगद्याला घाबरल्या. मॅडमनी स्वतःच्या बांगड्या, घड्याळ काढून ठेवलं आणि त्या आत काकूंचा पाय धरून उभ्या राहिल्या. मशीनच्या एवढ्या धडधडाटात काकू चक्क घोरायला लागल्या.

"आजूबाजूले बांधकाम चालू आहे ना आमच्या," बाहेर आल्यावर म्हणाल्या, "सवय झाली मले."

*

नरखेडकडचे एक बागायतदार भाऊ संत्री तोडताना शिडीवरून पडले होते. सीटी काढला, हाडं शाबूत. मुलाचा जीव भांड्यात पडला, त्याने गाडी दाराशी आणली.

"जरा चालून दाखवा," मॅडम म्हणाल्या.

भाऊ चालले. वाटेत डाव्या पायातली चप्पल निघाली, ते तसेच पुढे गेले.

"भाऊ, चप्पल कुठंय?"

"पायातच आहे ना," ते न बघता म्हणाले.

मुलगा हसला. मॅडम हसल्या नाहीत. "हाड ठीक आहे, नस ठीक नाही. आत्ताच एमआरआय." मणक्यातली गादी सरकून नस पार चेंगरली होती. मॅडमनी स्वतः सर्जनला फोन लावला, त्याच दिवशी ऑपरेशन झालं. पायातली जाणीव परत येईल का, हे सर्जनही सांगू शकत नव्हते. मुलगा रडत होता.

संत्र्याचा बहार संपल्यावर भाऊ आले, काठी टेकत. दाराशी दोन्ही चपला काढल्या आणि मॅडमच्या केबिनपर्यंत सावकाश चालत गेले.

"कसं आहे भाऊ?"

"फरशी लय थंडी आहे मॅडम तुमची," ते म्हणाले, आणि डोळे पुसायला लागले.