जोशीबाईंचे सहा सेकंद

मंगळवारच्या फिजिओथेरपीला वर्षभर नेमानं गेलं की पाय सुधारोत न सुधारोत, किस्से मात्र साठत जातात! आम्ही सगळे एमएसवाले, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसचे. नसांचं दुखणं. पाय आपलेच, पण आपलं ऐकत नाहीत. रुबिना मॅडम स्टॉपवॉच घेऊन आम्हाला पंचवीस फूट चालवतात आणि लागलेले सेकंद कागदावर लिहितात. तो कागद बघूनच कंपनीचे डॉक्टर मला वाळूजला कामावर परत घेणार होते.

मला नऊ सेकंद लागायचे. जोशीबाईंना सहा! निवृत्त शिक्षिका, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या. वर मलाच म्हणायच्या, "देशमुख, मनावर घ्या, जमतं!" माझा नुसता जळफळाट व्हायचा.

*

त्या जळफळाटात मी गुलमंडीवरून नवे स्पोर्ट्स शूज आणले. ऐटीत निघालो आणि तिसऱ्याच पावलाला रबरी तळ फरशीला अडकला. दहा सेकंद!

मॅडम म्हणाल्या, "भाईसाब, टेस्ट पाँव की है, जूते की नहीं!"

जोशीबाई पदर तोंडाला लावून हसल्या. ते मी अजून विसरलेलो नाही.

*

एकदा आठ सेकंदांत चाललो. बजाजनगरला घरी जाताना पेढे घेतले.

बायको म्हणाली, "अहो, पण पंचवीस फुटांवर आपलं आहे तरी काय? दूध तर चौकात मिळतं!"

पेढे मात्र तिनं दोन खाल्ले.

*

पैठणचे बाबासाहेब शेतकरी माणूस. चौदा सेकंद, कायम शेवटचा नंबर. त्यांचा मला कधीच हेवा वाटला नाही. एकदा मॅडमनी विचारलं, "बाबासाहेब, आज आले कसे?"

"यष्टीनं. उभ्यानं. ष्ट्यांडवरून पायी."

"मग इथं एवढा वेळ का लागतो?"

"म्याडम, भाईर धरायला खांब हाय, हातगाडी हाय, मानसाचा खांदा हाय. हितं नुसती फरशी!"

*

जोशीबाईंचं गुपित त्यांच्या सुनेनंच फोडलं. "आई सोमवारी पलंगावरून उतरतच नाहीत. मंगळवारसाठी पाय राखून ठेवतात!"

मग मीही सोमवारी दिवसभर आडवा. उष्णतेनं आमचे पाय लवकर हात टेकतात, म्हणून मंगळवारी गार पाण्यानं आंघोळ. आणि त्या दिवशी पाच सेकंद! मॅडमनी दोनदा घड्याळ बघितलं. मी मात्र जोशीबाईंचं तोंड बघत होतो. इतकं सुख मला पगारवाढीनंही झालं नव्हतं.

कागद खिशात घालून फाटकापर्यंत आलो. रिक्षा समोर दहा पावलांवर. पण पाय हलेनात.

फाटकाजवळच्या बाकावर जोशीबाई बसल्या होत्या. त्यांनी पिशवी बाजूला सारली. "बसा देशमुख. मला इथून उठायला दर मंगळवारी दीड तास लागतो. तुम्हाला आज जास्त लागेल."

बसलो. त्यांनी डबा उघडला, अर्धी पोळी मला दिली.

तेवढ्यात बाबासाहेब बाहेर आले. रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात, मग टपरीचा खांब, मग कुणाची तरी उभी स्कूटर. "येतो बरं का!" म्हणाले आणि एका पोराची सायकल धरून रस्ता ओलांडून गेलेसुद्धा.

आम्ही दोघं त्यांच्या पाठीकडं बघत बसलो. जोशीबाईंनी डब्याचं झाकण आपटलं.

"यांना आज किती लागले हो?"

"चौदा," मी म्हणालो.