बारवेच्या गाळातल्या मनगट्या

ज्वालामुखी हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो आमच्या गावच्या बारवेत, कमरेवर रिकामी घागर घेऊन पायरीवर उभी असताना. आष्टीकडच्या माळावरचं आमचं गाव. बारव म्हणजे पायऱ्यापायऱ्यांची जुनी विहीर, सगळी काळ्या दगडात बांधलेली. कुणी बांधली विचारलं तर म्हातारे म्हणायचे, देवादिकांच्या काळची हाय. आत एका भिंतीला कोनाडा, त्यात साती आसरा कोरलेल्या. पाण्याच्या देव्या त्या. हळदीकुंकू लावून लावून त्यांचे नाकडोळे गुळगुळीत झालेले.

दुष्काळाचं साल होतं. तळाला टाचभर गढूळ पाणी. त्या दिवशी कॉलेजातले एक सर बारव बघायला आले होते. दगडांचा आणि जुन्या बांधकामांचा अभ्यास करायचे. आम्हा बायांनाही नीट समजावून सांगायला लागले. म्हणाले, "हा आपला सगळा काळा दगड म्हणजे ज्वालामुखीचा रस. जमीन फाटून तापलेला रस बाहेर आला, पसरला, निवला. मग त्यावर दुसरा. गोधडीत लुगड्यावर लुगडं घालता ना, तसे थर."

माझी सासू, तिला आम्ही आत्याबाई म्हणायचो, लगेच म्हणाली, "मग लई गरम गोधडी म्हनायची."

सर हसले. मग त्यांनी काळ्या दगडाखालचा गेरूसारखा लाल पट्टा दाखवला. दोन थरांमधली ती भाजलेली माती. बारवेची भिंत त्या पट्ट्यावर टेकलेली आणि पाणीही त्याच्यावरच थांबतं, असं त्यांचं म्हणणं. "परदेशात अजून जिवंत ज्वालामुखी आहेत," ते म्हणाले, "त्यांच्या पायथ्याची देवळं, जुनी गावं कधी गाडली जातील, नेम नाही. आपला केव्हाच विझला. पण हा पट्टा फोडलात, तर तुमची बारव तुमच्या हातानं जाईल."

हे ते उगाच सांगत नव्हते. गावात नवी पाण्याची सोसायटी निघाली होती. सहकाराचं वारं होतं तेव्हा; दुधाची सोसायटी, बियाण्याची सोसायटी, तशी ही. चेअरमन आमच्याच भावकीतले, आत्याबाईंचे चुलत दीर. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. टँकर आला की बाया एकमेकींच्या झिंज्या धरायच्या, ते त्यांना बघवत नव्हतं. सोसायटीनं ठरवलं, बारवेतला गाळ काढायचा आणि तळाला सुरुंग लावून ती खोल करायची. सरांचं ऐकून चेअरमन म्हणाले, "सर, इझलेल्या चुलीला किती दिवस भ्यायचं?" बाकीचे हसले. सर आपली टेप गुंडाळून गेले.

पण त्या गाळात काय आहे, हे ना सरांना ठाऊक, ना गावातल्या एकाही पुरुषाला.

आता ते सांगते. आमच्या गावची निम्मी घरं दसरा झाला की ऊस तोडायला जातात. साखर कारखान्याकडं पाचटाच्या कोपीत, म्हणजे खोपटात राहायचं. थंडी, ओल, धूळ. तान्ही लेकरं तिथं जातात. गेलं लेकरू, की परमुलखात कुणाच्या तरी बांधाला पुरायचं आणि उजाडायला कोयता घेऊन पुन्हा फडात उभं राहायचं. पुढच्या साली टोळी दुसरीकडंच. ती जागा परत सापडत नाही. म्हणून आमच्या बाया लेकराच्या हातातली मनगटी काढून ठेवतात. दृष्ट लागू नये म्हणून काळ्यापांढऱ्या मण्यांची बांधतात, ती. कमरेला खोचून गावी आणायची, आणि सासूनं सुनेला बारवेत नेऊन आसरांपुढं पाण्यात सोडायला लावायची. पुरुषांना सांगायचं नाही. बापाच्या कानावर गेलं की लेकराचा जीव माघारी वळतो आणि वाट चुकतो, असं म्हणायचे.

माझी पहिली मुलगी अशीच गेली. नुकती पालथी पडायला लागली होती. आत्याबाईंनी मला पायऱ्या उतरवून नेलं. मनगटी मुठीतून सुटेना. त्यांनी माझं एकेक बोट उघडलं. म्हणाल्या, "इथं माझा एक हाय. त्याच्याजवळ राहील ती." माझ्या नवऱ्याच्या आधी त्यांना एक मुलगा होता, हे मला तेव्हा कळलं. पुढं पाण्याला गेले की मी जरा रेंगाळायचे. कुणी विचारायचं नाही. रेंगाळणारी मी एकटी नव्हते.

सुरुंगाचं ठरलं तशा आत्याबाई चेअरमनच्या ओट्यावर गेल्या. मी मागं. या दोघा दीर-भावजयींची आयुष्यभर थट्टा चाललेली.

"या वहिनी. आज वाट चुकली व्हय?"

"वाट न्हाई चुकले, भावजी. तुमची अक्कल कुठं चुकली ते बघाया आले. बारवेला सुरुंग लावू नका."

"कावून?"

आत्याबाईंनी पदर नीट केला. "आसरा हायती तिथं."

"आसरांना वर देऊळ बांधून देतो. शिमिटाचं. फरशी बशिवतो. मग तर झालं?"

"त्यांना नगं फरशी."

"मग काय पायजे तेवढं सांगा. तुमी म्हनताल तसं करतो."

खरंच केलं असतं त्यांनी. थट्टा सोडून विचारत होते. आत्याबाईंचे ओठ हलले. पण दारात चेअरमनची बायको उभी होती. तीही पूर्वी नवऱ्याबरोबर कोयत्यावर गेलेली, तिचंही एक त्याच पाण्यात होतं. तिनं आत्याबाईंकडं बघून हळूच मान हलवली. नको म्हणून.

"काय न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "च्या टाका म्हनलं."

गाळ काढायला सगळं गाव लागलं. पुरुष खाली टोपल्या भरायचे, आम्ही बाया पायऱ्यांवर ओळीनं उभ्या राहून वर पोचवायचो. वर ट्रॅक्टर. आमचं रान सगळ्यात जवळ, म्हणून बराच गाळ तिथंच पसरायचा होता; गाळानं रान कसदार होतं. चाळून बघायची सोय नव्हती. टोपली हातात आली की प्रत्येक बाई अंगठ्यानं चिखल दाबून बघायची आणि पुढं द्यायची. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. एकदा माझ्या अंगठ्याखाली मणी आले. दोरा कुजलेला, मणी सुटे. माझ्या लेकीचे का दुसऱ्या कुणाच्या, कसं ओळखायचं? सगळ्यांनी बाजारातल्या एकाच बाईकडून घेतलेले. खालून कुणीतरी ओरडला, "हात हालवा की, झोपल्या का समद्या?" मी टोपली वर दिली.

मग सुरुंग उडाले. पाणी आलं, खोटं कशाला सांगू. गावानं गूळ वाटला. थोडे दिवस गेले आणि ते उतरायला लागलं. एका सकाळी बघतो तर तळ कोरडा. लाल पट्टा फुटला होता, पाणी खालच्या थरात निघून गेलं होतं. पावसाळ्यात आसरांची भिंत घसरली आणि कोनाड्यासकट आत बसली. चेअरमन काठावर लई वेळ उभे होते. पुन्हा त्यांनी बारवेचं नाव काढलं नाही, ना शिमिटाच्या देवळाचं.

त्या साली गाळ पसरलेल्या आमच्या रानात ज्वारी माणूस बुडेल एवढी आली. नव्या ज्वारीच्या भाकरी आत्याबाईंनीच केल्या. मला पुन्हा दिवस गेले होते. माझ्या आणि नवऱ्याच्या ताटात ज्वारीची भाकर वाढली आणि स्वतःसाठी वेगळं पीठ मळायला घेतलं, बाजरीचं.

"आई, एवढी मोत्यासारखी ज्वारी सोडून बाजरी?" नवरा म्हणाला.

"मला पचत न्हाई ती."

मरेपर्यंत त्यांनी त्या रानाचा दाणा तोंडात घातला नाही. त्या दिवशी नवरा जेवून उठून गेल्यावर मीही ताट बाजूला सरकवलं. त्यांनी ते परत माझ्यापुढं ओढलं.

"तू खा, बाई," त्या म्हणाल्या. "पोटातली होती, पोटात चालली."

मी खाल्ली. भाकर गोड होती.